पिवळ्या झग्यातला डेलविन

दर उन्हाळ्यात शायलो गावात इथेच काढलेला काउबॉयचा जुना सिनेमा लागला की गोष्टीकडे कोणाचं लक्ष नसतं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि फारशी बरीही नाही. लोक वाट बघत असतात ती आपल्या माणसांची. सलूनच्या दारात टेकून उभा असलेला, अंगाला तपकिरी रंग फासून रेड इंडियन झालेला, प्रेतयात्रेत मागून चालणारी, सगळी याच गावची. सिनेमाची कंपनी हॉलिवूडहून चार तोंडं घेऊन यायची, बाकीची इथे मिळायची.

माणूस पडद्यावर दिसला की हॉलमधून नावाचा पुकारा होतो. "ती बघा थोरा मावशी!" "ऑर्व्हल, पोट आत घे!" थोरा मावशी कधीच गेली, ऑर्व्हल तर युद्धावरून परतलाच नाही. पण ज्यांनी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नाही ती पोरंही बरोबर त्या जागी त्यांच्या नावाने ओरडतात. एकदा पुकारलेलं नाव राहतं. ते बंद पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

नेड्रा एस्प्लिनच्या नवऱ्याचं, डेलविनचं नाव मात्र कधी कोणी पुकारलं नव्हतं. यंदा ते पुकारलं जावं, एवढंच तिला हवं होतं. पुढचा उन्हाळा काही ती बघणार नव्हती, आणि डॉक्टरने हे सांगितलं तेव्हा तिला नवलही वाटलं नव्हतं.

सिनेमा अडतीस सालचा. डेलविन तेव्हा तेवीस वर्षांचा, अंगाने लहानखुरा, कमरेला बारीक, आणि घोडे हाकण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या परगण्यात नव्हता. सिनेमाची हिरॉइन लोरेन डेव्हरो हिला घोडा शिंकला तरी घाम फुटायचा. म्हणून उधळलेल्या बग्गीच्या प्रसंगासाठी कंपनीने डेलविनला तिचा पिवळा झगा आणि सोनेरी केसांचा टोप चढवला. सिनेमात झगा करडा दिसतो. तो पिवळा होता हे आता नेड्राशिवाय कोणाच्या ध्यानात नाही. गावातले पुरुष कुंपणावर बसून ओरडत होते, "डेलविनबाई, शनिवारी नाचाला येता का आमच्याबरोबर?" तोही काही कमी नव्हता. झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, "आधी दाढी करून या, मेल्यांनो!"

त्या काळी घोडा नेमक्या जागी पडावा म्हणून त्याच्या पुढच्या पायांना तार बांधत आणि तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. तार संपली की घोडा तोंडावर. सगळ्याच कंपन्या असं करत आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नसे. डेलविनने घोडा पडायच्या क्षणी बाजूला उडी मारायची असं ठरलं होतं. झग्याचा घेर ब्रेकच्या दांड्यात अडकला. घोडा जागच्या जागी गेला. डेलविन संध्याकाळपर्यंत होता.

त्याला घरी आणला तो झग्यातच. सासूने दार लावून घेतलं, कात्रीने झगा उभा कापला आणि चुलीत घातला. मग दार उघडून बाहेर जमलेल्यांना सांगितलं, "माझा मुलगा घोड्यावरून पडून गेला." गावाने ते मान्य केलं. कंपनीने ते पडणं सिनेमात ठेवलं. इतकं छान पडणं पुन्हा कुठे मिळायचं!

नेड्राजवळ डेलविनचा एक लग्नातला फोटो होता. त्यात तो खांबासारखा उभा. हलता डेलविन होता तो फक्त त्या सिनेमात. बग्गी वळणावर येते, तो लगाम ओढतो आणि त्याचं डावं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर येतं. जेवताना, दाढी करताना, तिला जवळ घेतानासुद्धा ते कोपर असंच बाहेर यायचं. नेड्रा दर वर्षी त्या कोपरासाठी जायची. कोपर दिसलं की मान खाली घालायची, कारण पुढे तार होती. लोक पडण्याला टाळ्या वाजवायचे आणि ती बुटांकडे बघत बसायची.

सासू होती तोवर नाव घ्यायची सोय नव्हती. सासू गेल्यावर होती, पण मग लाज आडवी आली. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत वर्षं गेली. मग गळ्यात गाठ निघाली. त्या परगण्यात गळ्याच्या गाठी घरोघर आहेत. शेजारच्या नेवाड्यात सरकार अणुबाँब फोडून बघायचं तेव्हा तो पहाटेचा उजेड बघायला सगळं गाव पोराबाळांसकट टेकडीवर जमायचं, आणि अंगावरची राखेसारखी धूळ झटकून नाश्त्याला घरी यायचं. नेड्राची गाठ काढताना आवाजाची नस गेली. तेव्हापासून ती फक्त कुजबुजते. आणि आता आजार फुप्फुसात उतरला होता.

राहता राहिली आर्डिथ, डेलविनची धाकटी बहीण. आवाज असा, की ती चर्चमध्ये गायला लागली की पुढच्या बाकावरचे मागे सरकत.

"तू पुकार," नेड्रा तिला म्हणाली.

आर्डिथ बटाटे सोलत होती. "मी आईला शब्द दिलाय."

"तुझी आई जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणून काय झालं? वर गेल्यावर भेटायचंय मला तिला."

"मी आधी जातेय. मी घेते तिला सांभाळून."

आर्डिथ हसली, आणि हसता हसताच तिने डोळ्यांना एप्रन लावला. "लोक हसतील गं. बाईच्या झग्यात..."

"हसू देत. कोपर दिसलं की ओरड. पडायच्या आधी. धड बसलेला असताना."

ऑगस्टात सिनेमाचे दोन खेळ झाले, शाळेच्या जिममध्ये, खिडक्यांना काळा कागद लावून, शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी दुपारी. यंदा खुद्द लोरेन डेव्हरोला बोलावलं होतं. चाकांच्या खुर्चीत बसलेली, ओठ लालभडक, हात कागदासारखे. खेळाआधी कोणीतरी बग्गीच्या प्रसंगाबद्दल विचारलं. "तो ना? तो मीच केला," ती गोड हसून म्हणाली. "डायरेक्टर नको नको म्हणत होते." टाळ्या पडल्या. ती खोटं बोलत होती असंही नाही. इतकी वर्षं सांगून सांगून तिला ते खरं वाटत असणार.

"बया!" आर्डिथ पुटपुटली.

"बोलू दे. आत्ता कळेल सगळ्यांना."

सिनेमा सुरू झाला. थोरा मावशीचा पुकारा झाला, ऑर्व्हलचा झाला. बग्गी उधळली, लोरेनचं घाबरलेलं तोंड पडदाभर आलं. आर्डिथने श्वास भरून घेतला. नेड्राने तिचा हात धरला. आता वळण.

वळण आलंच नाही. एकदम दरीचा तळ आला आणि लोरेन उठून झगा झटकू लागली. आर्डिथचा भरलेला श्वास काही थांबेना. "डेलविन!" ती गरजली. "तो आपला डेलविन एस्प्लिन!"

पडद्यावर लोरेन पापण्या फडफडवत होती. हॉलमध्ये हशा फुटला.

"आर्डिथ, चष्मा घाल!"

"डेलविन, काय गं नटलीस!"

खुर्चीतली लोरेनही हसली आणि तिने हात हलवला. तिला वाटलं, तिचंच कौतुक चाललंय.

खेळ संपल्यावर आर्डिथने सिनेमा लावणाऱ्या कमिटीच्या ब्राइसला गाठलं. हा सॉल्ट लेकहून आलेला, तरुण, वागायला फार नम्र, चर्चच्या रीतीने प्रत्येक बाईला सिस्टर म्हणणारा. "ते पडणं कुठे गेलं?"

"काढलं, सिस्टर. कंपनीने नवी प्रत केली ना, त्यात काढलं. घोडा मेला होता त्यात. आता लोकांना बघवत नाही हो असलं."

"आणि माणूस?"

"कुठला माणूस?"

आर्डिथने सांगितलं, सगळं, धापा टाकत. ब्राइस मान हलवत ऐकत राहिला. "पण मॅडम तर आत्ताच म्हणाल्या..." म्हणाला आणि मग, "आपण कधीतरी निवांत बसू या हं, सिस्टर." जुनी प्रत कुठे आहे विचारलं तर म्हणाला, परत मागवून घेतली त्यांनी.

घरी जाताना नेड्राला दर चार पावलांवर थांबावं लागत होतं. कोपर गेलं होतं. गेल्या वर्षी बघितलं ते शेवटचं, आणि ते शेवटचं आहे हे माहीत नसल्याने तिने नेहमीसारखीच लवकर मान खाली घातली होती. हे ती आर्डिथला बोलली नाही.

आर्डिथच बोलत होती. "उद्या त्या जागी मी उभी राहते आणि सिनेमा थांबवायला लावते. झग्यासकट सांगते. कोण मला बसवतो बघते!"

शनिवारी जिम गच्च भरलं होतं. शुक्रवारची गंमत गावभर झाली होती. बग्गी उधळली तशी पुढच्या रांगांतली पोरं चुळबुळू लागली. दरीचा तळ आला, लोरेन उठली, आणि निम्मा हॉल एका आवाजात ओरडला, "डेलविन!" मागोमाग शिट्ट्या आणि हशा. ज्यांना कशाचाच पत्ता नव्हता तेही ओरडले.

आर्डिथ ताडकन उठली. तोंड उघडलं होतं, सगळं जिभेवर होतं. नेड्राने तिची बाही धरून तिला खाली ओढलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"बस खाली."

"अगं, माझ्या भावाची टिंगल करतायत!"

"करू देत. बस."

"पण त्यांना ठाऊक तरी आहे का तो कोण..."

"नाही. तू सांगितलंस तर गप्प होतील. मग पुन्हा कोणी ओरडणार नाही."

आर्डिथ बसली. पोरांना चव लागली होती. लोरेन पडद्यावर जिथे जिथे आली तिथे तिथे ती "डेलविन! डेलविन!" करत राहिली, अगदी शेवटच्या चुंबनापर्यंत. नेड्राने पडद्याकडे पाहिलं नाही. तिथे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पुढच्या वर्षीही ओरडतील?" तिने विचारलं.

"ओरडतील. माकडं आहेत मेली," आर्डिथ म्हणाली आणि नाक पुसत राहिली.