आप्पांच्या बोटीचा वेग

आप्पांनी चार कपडे दोरीवर टाकले होते आणि पाचवा पिळायला घेतला होता, तेवढ्यात बोटीचा मालक फाटकाशी येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना, म्हणजे निरोप गोड नव्हता. बारा दिवस गळाला मासा नाही. उद्याची एक फेरी बघतो, नाहीतर परवापासून बोट जाळ्याला लावतो, एवढं त्याने स्वतःच्या चपलांकडे बघत सांगितलं आणि गेला.

आप्पांचा उजवा खांदा वर जात नसे. जाळं ओढणं त्यांच्याने होणार नव्हतं, म्हणजे परवापासून आप्पा घरी. ते एकदा पंधरा दिवस घरी होते, तेव्हा त्यांनी बायकोचे, म्हणजे काकूंचे, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते. मीठ अजूनही कधीकधी सापडत नाही.

कपडे बादलीतच राहिले. आप्पा पायरीवर आमिषांची पेटी उघडून बसले. बोटीमागे दोऱ्या सोडून मासा धरण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ऊन लख्ख असेल तर चंदेरी पत्रा, ढग असतील तर काळा-तांबडा लाकडी मासा, पाणी गढूळ असेल तर पिसांचा झुबका. दोन दोऱ्या जवळ सोडायच्या, दोन लांब, म्हणजे बोट वळताना गुंता होत नाही. पण आमिषात जीव येतो तो बोटीच्या वेगाने. फार पळवलं तर ते पाण्यावर उड्या मारतं, रेंगाळलं तर मेल्यासारखं लोंबतं.

वेग मोजायला आप्पांनी यंत्र कधी वापरलं नाही. पुढच्या टोकाशी पाण्यात लाकडाची ढलपी टाकायची आणि घरातली रोजची प्रार्थना म्हणायला लागायचं. ढलपी मागच्या टोकाला पोचायला आणि प्रार्थना संपायला एकच गाठ पडली, की वेग बरोबर. ढलपी पोचली तरी प्रार्थना उरली, तर बोट जास्त पळतेय. सुकाणूवर मालक असे, त्याला हाताने खूण करून वेग कमी करायला लावायचा. हल्ली रोजच ती उरत होती.

संध्याकाळी दोघं देवापुढे बसली. काकूंची प्रार्थना संपली तेव्हा आप्पा तिसऱ्या ओळीवर होते. हे काकूंनी बरेच दिवस पाहिलं होतं, आणि उशिरा का होईना माणूस भक्तीला लागला म्हणून देवाचे आभारही मानले होते. आज मात्र त्यांनी एक डोळा उघडून नीट पाहिलं. नव्या कवळीला धक्का लागू नये म्हणून आप्पांची जीभ परक्या घरातल्या पाहुण्यासारखी जपून वावरत होती. त्याआधी सहा वर्षं त्यांच्या तोंडाचं नुसतं बोळकं होतं.

"अहो, कवळी बसवून किती दिवस झाले?"

"तेरा. तूच तर आली होतीस."

"आणि मासा लागेनासा होऊन?"

आप्पा बोटांवर दिवस मोजू लागले. काकूंनी त्यांना कवळी काढून पुन्हा आपल्याबरोबर म्हणायला लावलं. ते काकूंच्या दोन ओळी आधी मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. आप्पांनी लांबच्या दोरीला काळा-तांबडा मासा बांधला, कवळी खिशात घालून बटण लावलं आणि ढलपी टाकली. प्रार्थना संपली तरी ढलपी अर्ध्या वाटेवरच. आप्पांनी वेग वाढवायची खूण केली.

मालक म्हणाला, "इतके दिवस हळू, हळू करत होतात."

"इतके दिवस तोंड वेगळं होतं," आप्पा म्हणाले.

लाकडी मासा खाली बुडी मारून शेपूट हलवल्यासारखा डुलू लागला. दुपारपर्यंत दोन सुरमया बोटीत आल्या. तिसरी गळ सरळ करून निघून गेली. मालकाने दोघींना काट्यावर तोललं, जाळ्याचं नंतर बघू म्हणाला, आणि परवा पहाटे या, एवढं सांगून घरी गेला.

काकूंनी देवापुढे आधीचे आभार मागे घेतले आणि नवे मानले. सकाळी आप्पा बाजारात जाड तारेचे गळ आणायला निघाले.