हिरव्या डब्यांचा लॉट

रेंजवर दोन गोष्टी साठत जातात, रिकामी काडतुसं आणि किस्से. काडतुसं मोजून परत द्यावी लागतात. किस्से कोणी परत मागत नाही, म्हणून ते सगळे माझ्याकडेच राहिलेत. बँकेतून रिटायर झाल्यावर मळमड्डीतल्या घरी स्वस्थ पेपर वाचत बसावं, तर या रायफल क्लबचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. का, तर रविवारी सकाळी वेळेवर किल्ली घेऊन येणारं दुसरं माणूस नव्हतं.

आमची रेंज हुबळीबाहेर कलघटगीच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत आहे. पन्नास मीटरवर कागद लावायचा, पोटावर झोपायचं आणि पॉइंट टू टू रायफलनं मधला काळा ठिपका फोडायचा, एवढाच खेळ. गोळ्या बाहेरून येतात, वर्षातून एकदा आणि मोजक्या. प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो. एखाद्याला एखाद्या गावचं पाणी मानवतं, तसा एखाद्या रायफलला एखादा लॉट मानवतो, आणि ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून टेस्ट करतात. सगळीकडेच करतात. आमच्याकडे मात्र टेस्ट संपते तेव्हा गोळ्याही संपलेल्या असतात.

टेस्ट करणारे तिघे. दुर्गदबैलचे कापडवाले वसंतअण्णा, देशपांडे नगरातले मुलांचे डॉक्टर आणि हिरेमठ वकील. तिघांना मिळून नेम म्हणावा असा एकही नाही, पण मतं भरपूर.

याचा फटका बसतो प्रज्ञाला. प्रज्ञा कांबळे हुबळीत एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. रडणाऱ्या पोराची शीर तिला पहिल्या सुईत सापडते, असला हात. आमच्या क्लबमध्ये खरं नेमबाज म्हणावं असं हे एकच माणूस. मागच्या राज्य स्पर्धेत तिची निवड एका गुणानं हुकली, कारण या तिघांच्या टेस्टनंतर तिच्या वाट्याला तीन लॉटच्या उरल्यासुरल्या गोळ्या आल्या. असली भेळ घेऊन पोरगी बेंगळूरला गेली. मला आजही त्याचा संताप येतो. यंदा हिरव्या डब्यांचा एक लॉट चांगला आलाय असं कळलं आणि मी म्हटलं, हा प्रज्ञाचा. पण कमिटीत माझं मत एक आणि त्यांची तीन.

*

सुरुवात डॉक्टरांपासून करते.

कानडीत गोळीला गुंडु म्हणतात. आणि दारूच्या पेगलाही गुंडुच म्हणतात. हे हुबळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण डॉक्टर पडले सज्जन. त्यांनी दवाखान्यात रिसेप्शनच्या बाईंना सांगून ठेवलं, "रविवारी गुंडु टेस्ट ऐतरी, अपॉइंटमेंट देऊ नका." बाईंनी तेच निरोपात जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी एक गृहस्थ नातवाला घेऊन आले. नातवाचा खोकला राहिला बाजूला. खुर्ची पुढं ओढून त्यांनी हळूच विचारलं, "मग डॉक्टर, कुठला बरा लागला?"

डॉक्टरांना विषय निघाल्याचाच आनंद. म्हणाले, "हिरव्या डब्यातला उत्तम. पण पहिल्या पाचात हात हलतो. दहानंतर स्थिर होतो."

गृहस्थ बराच वेळ डॉक्टरांकडे आदरानं बघत राहिले. मग म्हणाले, "मी तिसऱ्यालाच आडवा होतो."

"आडवं तर पहिल्यापासूनच व्हायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

*

याच डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं की गोळीचा वेग तापमानावर बदलतो. खरं आहे ते. पण खरी गोष्ट चुकीच्या माणसानं वाचली की काय होतं बघा. त्यांनी दोन हिरव्या डब्या लसींच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. पोलिओ खाली, गोवर मधे आणि पॉइंट टू टू वर. पोलिसांनी बघितलं असतं तर सेक्रेटरी म्हणून मला चौकीत बसावं लागलं असतं.

दुसऱ्या लॉटच्या लाल डब्या अण्णांच्या गाडीत होत्या, एप्रिलच्या उन्हात, डॅशबोर्डवर. रेंजवर एकीकडे घाम फुटलेल्या थंडगार हिरव्या गोळ्या आणि दुसरीकडे हात लावला तर चटका बसेल अशा लाल गोळ्या. दोन्ही मारून झाल्या. डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की लाल लॉट जात्याच जलद आहे.

"डॉक्टर, एक फ्रीजमधली होती आणि एक तव्यावरची," मी म्हटलं.

"हो, पण अक्का, मारल्या तर एकाच वेळी," डॉक्टर म्हणाले.

या माणसाकडे लोक आपली मुलं घेऊन जातात.

*

वकीलसाहेबांना वेगाचं वेड. त्यांच्या भाच्यानं बाहेरून वेग मोजायचं यंत्र आणलं. रायफलच्या पुढं ठेवायचं, त्याच्यावरून गोळी गेली की पडद्यावर आकडा येतो. आता पॉइंट टू टूमध्ये नुसता वेग फारसा कामाचा नसतो. प्रत्येक गोळीचा वेग सारखा पाहिजे, म्हणजे सगळ्या एका जागी पडतात. उलट फार जलद गोळी आवाज मोठा करते आणि कागदावर विखुरते. माणसांचंही तसंच असतं, पण ते वकिलांना कोण सांगणार?

पहिल्या रविवारी हिरव्याचा वेग आला तीनशे पंचवीस. दुसऱ्या रविवारी लालचा आला हजाराच्या वर. वकिलांनी कमिटीची मीटिंग बोलावली, काळा कोट तेवढा घातला नव्हता. म्हणाले, लाल लॉट तिप्पट वेगाचा आहे, हे आजच्या कामकाजात नोंदवा.

मी यंत्र हातात घेऊन बघितलं. मधल्या आठवड्यात भाच्याच्या पोरानं बटणं दाबली होती. पहिला आकडा मीटरमध्ये होता, दुसरा फुटात.

मी सांगितलं. वकील कोर्टात तारीख मागावी तशा आवाजात म्हणाले, "अक्का, फूट असो नाहीतर मीटर, वेग हा वेग असतो."

आणि ठराव तीन विरुद्ध एक मतानं पास झाला.

*

त्या यंत्राचा शेवट अण्णांच्या हातून झाला.

रायफलवरची दुर्बीण नळीच्या दोन बोटं वर असते. दुर्बिणीतून बघितलं की यंत्राच्या वरून मोकळी वाट दिसते. नळी मात्र त्याच वेळी थेट यंत्राकडे बघत असते. हे आम्ही नवीन मेंबरला पहिल्याच दिवशी शिकवतो. अण्णा नवीन नाहीत, संस्थापक सदस्य आहेत, त्यामुळं त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

अण्णा झोपले, श्वास धरला, मारली. यंत्र जागेवरून उडालं आणि दोन तुकडे होऊन खडीत पडलं. वकील छाती धरून खाली बसले.

अण्णा उठले, पडद्याचा तुकडा उचलला आणि उन्हात धरला. त्यावर एक आकडा अजून दिसत होता.

"रीडिंग आलंय की," अण्णा म्हणाले. "हे धरायला हरकत नाही."

*

यंत्र गेल्यावर तिघेही ग्रुपकडे वळले. पाच गोळ्या मारायच्या आणि भोकं किती जवळ पडली ते बघायचं, याला ग्रुप म्हणतात. यात लबाडी करता येत नाही असा माझा समज होता.

अण्णांचा कागद आला. पाच भोकं, जणू कागदावर कोणी शेंगदाणे फेकलेत. अण्णांनी पेन काढलं. "ही धरायची नाही, बाहेर ट्रकनं हॉर्न मारला." एक खोडलं. "ही मारताना डॉक्टर शिंकले." दुसरं खोडलं. "ही पहिलीच होती, नळी थंड होती." तिसरं गेलं. उरलेल्या दोन भोकांभोवती त्यांनी गोल काढला आणि म्हणाले, "बघा ग्रुप."

दोन भोकांचा ग्रुप लहान येणारच. तीन भोकं अशीच खोडत खोडत त्यांनी त्या दिवशी हिरव्याच्या तीन डब्या संपवल्या. प्रज्ञा शेजारी उभी राहून रिकाम्या होणाऱ्या डब्यांकडे बघत होती. तिला ड्युटीवर जायचं होतं. बॅग उचलत ती म्हणाली, "अण्णा, चौथंही खोडा की. एकाच भोकाचा ग्रुप त्याहून लहान दिसेल."

अण्णा कागदावर वाकले आणि खरोखरच विचार करायला लागले.

*

अशा रीतीनं राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यापर्यंत हिरव्याचा एकच सीलबंद खोका उरला. तेवढ्या गोळ्यांत प्रज्ञाचा सराव आणि स्पर्धा दोन्ही नीट भागली असती. पण त्याच स्पर्धेत ज्येष्ठांचा गट असतो आणि अण्णांनी त्यात नाव दिलं होतं.

मी कमिटीत भांडले. मागच्या वर्षीच्या एका गुणाचा विषय काढला. डॉक्टरांनी मान खाली घातली, पण हात अण्णांच्या बाजूनं वर केला. शेवटी वकिलांनी तोडगा काढला. अण्णांनी वरच्या डबीतल्या पाच गोळ्या मारून बघायच्या. मानवल्या तर खोका अण्णांचा, नाही मानवल्या तर प्रज्ञाचा. असला न्याय! हरलेला माल तेवढा पोरीला.

रविवारी अण्णा तीन नंबरच्या जागेवर झोपले, प्रज्ञा शेजारी चार नंबरवर. तिला गोळ्या मिळालेल्याच नव्हत्या, म्हणून ती नुसतीच रिकाम्या रायफलवर चाप ओढायचा सराव करत होती. तिकडं कागदांच्या वर रंगवलेल्या नंबरांचा रंग दोन पावसाळ्यांपूर्वी उडालाय. रंग लावायचा ठराव कमिटीपुढं आहे. अण्णा झोपतात तिरके, पोट मधे येतं म्हणून. त्यात कानावर हेडफोनसारखे मोठे मफ.

पन्नास मीटरवरचं बारीक भोक नुसत्या डोळ्यानं दिसत नाही, आणि अण्णांच्या रायफलवरच्या दुर्बिणीतून अण्णांना काही दिसत असेल असं मला कधी वाटलेलं नाही. पण प्रज्ञाजवळ तिपाईवरची चांगली दुर्बीण होती. अण्णांनी पहिली मारली आणि न हलता ओरडले, "प्रज्ञा, बघ गं, कुठं लागली. मी पोझिशन मोडत नाही."

प्रज्ञाचा डोळा दुर्बिणीला होता. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं दुर्बीण जराशी डावीकडे सरकवली, परत बघितलं आणि म्हणाली, "खाली, अण्णा."

"खाली?"

"खाली."

अण्णांनी दुसरी मारली. "खाली, अण्णा." तिसरी. "खालीच." चौथ्या वेळी अण्णा वैतागून पडल्यापडल्याच बोलले, "माझ्या रायफलची साइट परवाच सेट केलो मी. साइट हलवणार नाही. गोळीतच दम नाही, वाटेतच पडाल्या." पाचवी मारली. प्रज्ञानं न विचारता सांगितलं, "खाली."

अण्णा उठले, मफ काढले आणि खोका पायानं तिच्याकडे सरकवला. "रद्दी माल. वेगच नाही. घेऊन जा तू, प्रज्ञा. मी लाल नेतो."

"हौद्री, अण्णा," प्रज्ञानं होकार दिला. वकिलांनी लगेच निकाल जाहीर केला, डॉक्टरांनी अनुमोदन दिलं आणि तिघे चहाला गेले. आपला कागद बघायला अण्णा पुढं गेलेसुद्धा नाहीत. खाली लागलेली भोकं कशाला बघायची, म्हणाले.

कागद काढायला मी आणि प्रज्ञा गेलो. तीन नंबरचा कागद मी लावला होता तसाच कोरा. चार नंबरवरच्या कागदात मधोमध, काळ्या ठिपक्याच्या पोटात, पाच गोळ्यांचं मिळून एक भोक पडलं होतं. वर चिंचोका ठेवला असता तर झाकलं गेलं असतं. अण्णांच्या हातून असा ग्रुप जन्मात पडला नव्हता.

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती तिच्या कागदाची शांतपणे गुंडाळी करत होती.

"काय गं, अण्णांना काय सांगत होतीस?"

"विचारले ते सांगितले की, अक्का," ती म्हणाली आणि तीन नंबरकडे बोट केलं. "बघा की. आहे का त्याच्यावर काही?" रिकाम्यालाही आमच्याकडे खालीच म्हणतात.

प्रज्ञाची निवड झाली. ठरलेल्या गुणांच्या बरीच वर गेली पोरगी. लाल गोळ्यांवर अण्णांचं काय झालं ते विचारू नका, सेक्रेटरी म्हणून मला ते रेकॉर्डवर ठेवावं लागलंय. क्लबमध्ये सत्कार ठेवला तेव्हा भाषण अर्थात अण्णांनीच केलं.

"या पोरीचं कौतुक कशाला करायचं सांगतो," अण्णा शालीची घडी मोडत म्हणाले. "टाकाऊ लॉटवर मारून आलीय ही. मी स्वतः टेस्ट केलो होतो. पाचच्या पाच खाली. विचारा तिला."

सगळ्यांनी प्रज्ञाकडे बघितलं. ती शाल घ्यायला वाकली होती, तशीच वाकून म्हणाली, "हौद्री, अण्णा. पाचही खाली."