टीव्हीच्या हाकेला ओ

काकांच्या टीव्हीच्या डब्यातली एक सेटिंग मी त्यांना न विचारता बदलली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचीवर त्यांनी तीस वर्षं सुकाणू धरलं. बायको गेल्यावर एकटेच राहत. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी त्या पट्ट्यातला केबलवाला. केबलचे दिवस सरल्यावर मी इंटरनेटवरचे डबे लावायला लागलो, पण काकांसाठी शेवटपर्यंत 'केबलवाल्या'च राहिलो.

मुलीनं पाठवलेला डबा मीच जोडून दिला. काका दिवसभर जुन्या कबड्डीचे सामने बघत. एक संपला की दुसरा आपोआप लागे. तुमच्या घरी असा डबा असेल तर ठाऊक असेल, चार तास रिमोटला हात लागला नाही की चित्र थांबतं आणि पडद्यावर एक प्रश्न येतो. इंग्रजीत होता, म्हणून काकांनी अर्थ विचारला.

"विचारतोय, तुम्ही अजून आहात का?"

काका खुर्चीत सरसावून बसले. लाँचीवरून जेट्टीला करत तसा उजवा हात वर केला आणि ओरडले, "ओऽऽ! हाय रं, हाय! जातंय कुठं?" मग बटण दाबलं.

त्या दिवसापासून रोज तेच. मी हसलो, तर म्हणाले, "हसू नको. धुक्यात लाँच असली का पुढच्या खलाशाला हाक मारायची. त्यानं ओ द्यायची. ओ न्हाय आली तर इंजिन बंद. पयला माणूस शोधायचा. मग पॅसेंजर बोंबलले तरी बोंबलू देत."

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारच्या वहिनींची पडवी. त्या तिथून सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणत, "ऐकलं हो काका! आख्ख्या आळीला कळलं तुम्ही आहात ते!"

"तुला न्हाय सांगत, टीव्हीला सांगतोय."

"मग आज कालवणपण टीव्हीकडंच मागा."

काकांचं बोट मात्र कधीकधी चुकायचं. भलतंच बटण दाबलं जाई, कबड्डी नाहीशी होई आणि मला फोन येई, "केबलवाल्या, डाव मोडला रं." दोन मिनिटांचं काम. पण ते झाल्यावर काका सोडत नसत. कोरा चहा, आणि एकदा धुक्यात गाळात रुतलेल्या लाँचीची तीच गोष्ट. सुरुवातीला मला ते आवडायचं. पुढे किहीमच्या बंगल्यांची कामं वाढली आणि त्यांचा नंबर दिसला की कपाळाला आठी पडू लागली.

एकदा वैतागून म्हणालो, "काका, हा प्रश्नच बंद करून टाकतो. कटकट मिटेल."

"नको, नको. ऱ्हाऊ दे. दिवसातून कोन तरी इचारतंय."

ते चहा ठेवायला आत गेले. मी रिमोट घेतला. किती वेळानं विचारायचं, याचे पर्याय होते. मी 'कधीच नाही' निवडलं. त्यांच्या सोयीसाठी नाही, माझ्या. मग त्यांनी आणलेला चहा प्यायलो.

फोन थांबले. आठवड्यानं काका बाजारात भेटले. "तो आता इचारत न्हाय रं. बिघडला काय?"

"नवीन डबे तसेच असतात, काका."

"कटाळला असंल," ते म्हणाले आणि पिशवी सावरत निघून गेले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी सकाळी काका न्हाणीत पाय घसरून पडले. बाहेर कबड्डी चालू होती. दिवसभर चालू राहिली. एक सामना संपला की दुसरा. संध्याकाळी वहिनी बोंबलाचं कालवण घेऊन गेल्या तेव्हा त्यांना काका दिसले. शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत आणायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी काका गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मुलीनं डबा काढायला मला बोलावलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊ, टीव्ही चालू होता हो," त्या म्हणाल्या. "आधी मध्येच बंद पडायचा, काका ओरडायचे, परत लागायचा. नुसता बंद राहिला असता तरी मी धावत आले असते. शेवटी शेवटी काकांची ओ ऐकूच आली नाही मला. टीव्ही बंद पडतच नव्हता का? का माझंच लक्ष नव्हतं?"

मी वायर गुंडाळत होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "होतं असं, वहिनी."

याला दोन वर्षं झाली. वहिनी अजूनही भेटेल त्याला सांगतात, मी ऐकण्यात चुकले. आळीत कुणाचा टीव्ही फार वेळ चालू राहिला, तर हातातलं काम टाकून बघून येतात. मी समोर दिसलो की पाणी विचारतात. मी ते घेतो.

वहिनी, तुमचे कान बरोबर होते. टीव्ही मी बंद पडू दिला नाही.

एवढं त्यांच्या दारात उभं राहून सांगायचं देणं मी त्यांचं लागतो. अजून सांगितलेलं नाही.