आत्या आणि कॉम्प्युटरमधली बाई

आत्या आमच्याकडे मांजर्लीला आली तेव्हा माझी आठवीची परीक्षा नुकतीच संपली होती. "चार दिवस राहते गं वहिनी," असं ती आईला म्हणाली, पण बॅगेतून तिने स्वेटर काढला. एप्रिल महिन्यात. आईने तो पाहिला आणि काही न विचारता कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला.

तिचं सासर उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं घर माणसांनी भरलेलं, आणि स्वयंपाक तिच्या एकटीच्या अंगावर. पहिले काही दिवस, तापाच्या गोळ्या चालू असूनही, ती आमच्याकडेही सगळ्यांच्या आधी उठून कणीक मळायला बसायची. आई रागावली की आत्या म्हणायची, "बसून काय करू?"

त्या सुट्टीत मी कॉम्प्युटरला चिकटलेली असायचे. पप्पांनी तो जुना घेतला होता, आणि आमचं घर तळमजल्यावर, नदीचं पाणी कधी आत येईल नेम नाही, म्हणून त्याचं टेबल विटांवर चढवलेलं होतं. त्यावर मी संसाराचा गेम खेळायचे. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला पाठवायचं, जेवायला घालायचं. वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडेही तीच सीडी होती. तिने मला चॅलेंज दिलं होतं: एक बाई घ्यायची, जिला स्वयंपाकातलं काहीच येत नाही. तिला सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत शिकवायचं आणि शेजाऱ्यांना बोलावून मोठी मेजवानी द्यायची. बाहेरून पिझ्झा मागवायचा नाही, आचारी ठेवायचा नाही, आणि आग लागली की हरलीस.

मी सारखी हरत होते. माझा हिशेब साधा होता. जितका जास्त स्वयंपाक, तितकं लवकर शिकणं. म्हणून मी त्या बाईला ओट्यापुढून हलूच द्यायचे नाही. थोड्या वेळाने तिच्या नावापुढच्या हिरव्या पट्ट्या लाल व्हायच्या, ती माझ्याकडे बघून हातवारे करायची, आणि मग शेगडी पेटायची.

एका दुपारी आत्या मागे बसून गवार मोडत होती. शेगडीतून ज्वाळा निघाल्या तशी ती दचकून उठलीच.

"अगं, काय झालं तिला?"

"काही नाही, आग लागली. परत सुरू करते."

"पण ती अशी का करतेय? रडतेय का ती?"

मी तिला पट्ट्या समजावून सांगितल्या. ही भूक, ही झोप, ही अंघोळ, ही करमणूक, ही माणसांशी बोलणं. आत्या पदराला हात पुसत जवळ आली आणि एकेक पट्टी नीट बघू लागली. सगळ्या लाल होत्या.

"मग तिला झोपव ना आधी," ती म्हणाली. "उपाशी, झोपेला आलेली बाई. ती काय रांधणार?"

"त्यात टाइम जातो, आत्या."

"जाऊ दे की."

मी खुर्ची तिला दिली. माउस तिच्या हातात सुरुवातीला ठरत नव्हता, पण दोनेक दिवसांत जमलं. तिची पद्धत वेगळीच होती. शेगडीच लावली नाही तिने सुरुवातीला. पैशातून चांगला पलंग घेतला, एक कपाटभर पुस्तकं घेतली, आणि बाईला थंड जेवण देऊन पाकक्रियेचं पुस्तक वाचत बसवलं. पट्ट्या उतरायला लागल्या की पुस्तक बंद. मग अंघोळ, मग टीव्ही, मग शेजारणीशी गप्पा. बाई बऱ्यापैकी शिकल्यावरच शेगडी आली, तीही महागातली. लोडशेडिंगची वेळ जवळ आली की आत्या मला हाक मारायची, "ये गं, सेव्ह करून दे, नाहीतर हिची मेहनत जायची."

असंच एकदा खेळताखेळता, स्क्रीनकडे बघतच ती म्हणाली, "इकडे आले त्याच्या आदल्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. भाकऱ्या करपल्या. तुझ्या काकांनी ताट सरकवलं." तिने बाईला पलंगावर पाठवलं.

मेजवानीच्या दिवशी वरची मैत्रीण, आई, मी, सगळ्या गोळा झालो. ओव्हनमधून भाजलेला अख्खा पक्षी निघाला. "अगं बाई, केवढा मोठा कोंबडा!" आई ओरडली. शेजारी टेबलाभोवती बसले. आत्याने आपल्या बाईला वाढायला उभं ठेवलं नाही, पाहुण्यांबरोबरच जेवायला बसवलं. आग लागली नाही. मैत्रीण म्हणाली, "मानलं तुम्हाला, आत्या." आत्या नुसती हसत होती.

पुढे एका रविवारी काका आले. पप्पांना जयभीम करून खुर्चीच्या कडेवर बसले. शर्टाला इस्त्री नव्हती. चहा झाल्यावर म्हणाले, "आता चल. आईच्यानं होत नाही. जेवणाचे हाल चाललेत घरी."

आत्या म्हणाली, "माझी तब्येत कशी आहे, ते नाही विचारलंत."

"बरी तर दिसतेयस."

"हो. इथे झोप होते माझी."

काकांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, "तिलाच विचारा, दाजी. ती सांगेल तसं."

"मी नाही येत," आत्या हळू आवाजात म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. ओट्याला टेकून ती उभी होती. मी दिलेलं पाणी तिने एका दमात संपवलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर काका उठून चपला घालू लागले. वाईट माणूस नव्हता तो. त्याला घरात कुणी काही शिकवलं नव्हतं, एवढंच. जाताना दारातून म्हणाले, "औषधं घेत जा."

पावसाळ्याच्या सुमारास आत्याला अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. काका अधूनमधून यायचे, कॅम्पातून मिठाई आणायचे, गप्पा मारून परत जायचे. घरी चल असं पुन्हा म्हणाले नाहीत, आणि तीही गेली नाही.

कंपनीच्या कॅंटीनमध्ये तिला दुपारचं जेवण मिळायचं. संध्याकाळी चप्पल काढता काढताच ती सांगायची, "आज राजमा होता. मीठ जरा जास्त होतं. पण आयतं ताट पुढे आलं ना गं, दोनदा भात घेतला मी."