दोन बोटं वाळू

किस्से आम्ही जमवत नाही हो, काचेवर शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरतात. मी आणि माझा पार्टनर मंदार, लोकांच्या घरच्या फिश टँकमध्ये डोंगर, रानं, नदीकाठ उभे करून देतो. मासे सगळ्यात शेवटी येतात. त्याआधीच काय काय होतं ते ऐका.

*

कोथरूडच्या एका रिटायर्ड मास्तरांचा फोन. "मधला दगड माझ्याकडे बघतो. फिरवून द्या."

मंदार जाऊन फिरवून आला. आठवड्याने परत फोन.

"पुन्हा वळला का सर?"

"नाही. पाठ करून बसलाय. ते जास्त वाईट आहे."

*

झाडाचं मूळ वापरायचं तर आधी पंधरवडाभर भिजवावं लागतं, नाहीतर ते तरंगतं. एकदा मंदारने ठणठणीत कोरडं मूळ पाण्यात सोडलं आणि ते सरळ तळाला जाऊन बसलं. घरच्या काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "त्याला बुडायची सवय दिसतेय."

मंदार त्या दिवशी चहा न घेताच निघाला.

*

दगड विषम संख्येत मांडायचे, हा आमच्यातला नियम. पाणी भरण्याआधी मी फोटोही काढतो. एकदा फोटोत पाच दगड आणि पाणी भरल्यावर टाकीत सहा! मालकांना दाखवलं.

"तुमचा असेल तर घेऊन जा," ते शांतपणे म्हणाले. "टाकीचा असेल तर राहू द्या."

*

मांजरी गावच्या विलासरावांनी उसाची जमीन बिल्डरला दिली. त्यातली विहीर बुजवली त्या दिवसापासून त्यांचे वडील, आबा, बोलेनासे झाले. तीन महिने एक शब्द नाही.

"आमचं रान हाय तसं टाकीत करून द्या," विलासराव म्हणाले. "आबा बोलले पाहिजेत, बाकी काय नको." माणूस अगदी रडवेला झाला होता.

बांध घातला, बारीक गवत लावलं. कोपऱ्यात खड्यांचं गोल कडं केलं, ती विहीर. खाली दोन बोटं वाळू, तिच्याखाली काच.

चौथ्या दिवशी दुपारी पाणी बदलायला गेलो. आबा टाकीसमोरच बसले होते. एकाएकी म्हणाले, "लय खोल घेतलीस रं विहीर."

विलासराव तिथंच ढसाढसा रडायला लागले.

"आबा, दोन बोटं वाळू आहे फक्त," मी म्हणालो.

आबांनी एक खडा उचलला. विहिरीत पाणी किती आहे ते बघायला टाकतात, तसा त्या कड्यात सोडला आणि कान दिला. मला वाळूवर खडा दिसेना. शोधायला हात घालणार, तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. अजून पोचायचाय."