दक्षिणेला मावळणारा सूर्य

मी मूळची तापट. बाबा इथल्या एका संशोधन संस्थेत होते, म्हणून माझं सगळं बालपण लखनौत गेलं, पण इथली गोड जीभ काही मला लागली नाही. आई म्हणायची, "मिरची कुठेही पेरा, मिरचीच येणार."

शहरात मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या काळात मी चिनहटच्या एका गृहप्रकल्पावर इंजिनिअर होते, अजून कच्चीच. नोकरी पक्की व्हायला दोन महिने बाकी होते. अशात हेड ऑफिसातून टॅबलेट आले आणि त्यात साइटच्या कामाचं नवं सॉफ्टवेअर. साहेब म्हणाले, "नकाशाचे झोन पाडा, एकेका झोनला एकेक सुपरवायझर. झालेलं काम हिरवं, राहिलेलं लाल. मी हजरतगंजमध्ये बसून बघेन." उंटावरून शेळ्या हाकायची छान सोय झाली त्यांची!

मला मात्र हुरूप आला. नकाशा उघडला, चार इमारतींभोवती बोटाने रेघा ओढल्या, चार रंग भरले. सगळे जण ए, बी, सी, डी अशी नावं देतात. मी म्हटलं, आपल्या माणसांना कळेल असं काहीतरी देऊ. वरची इमारत उत्तर, खालची दक्षिण, उजवीकडची पूर्व, डावीकडची पश्चिम. स्वतःवरच खूश होऊन त्या दिवशी मी दोन समोसे जास्त खाल्ले.

उत्तर झोन चाचांना दिला. चाचा म्हणजे साइटवरचे सगळ्यात जुने सुपरवायझर, साठीला टेकलेले. त्यांनी टॅबलेट गमछ्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवून दिला आणि म्हणाले, "बिटिया, आप ज़बानी बता दिया कीजिए, हम कर देंगे." बरं म्हटलं.

काम साधं होतं. बाथरूमच्या दारात सिमेंटचा छोटा बांध घालायचा, आत पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर गळतं का ते बघायचं. सकाळी मी फोनवर सांगायची, "चाचा, उत्तर, तीसरी मंज़िल." दुपारी त्यांचा फोन यायचा, "हो गया, बिटिया." संध्याकाळी ते घरी गेल्यावर मी स्क्रीनवर बघत बघत तिथे जायची, तर बाथरूम कोरडं ठाक! बांधसुद्धा नाही. उत्तर झोन लाल.

असं एक दिवस नाही, आठवडाभर चाललं. "चाचा, पानी कहाँ है?" विचारलं की ते गडबडायचे. "भरा तो था... उत्तर में ही न?" "हाँ, उत्तर में ही!" मी खेकसायची. पश्चिमवाला सुपरवायझर मात्र रोज हिरवा, तेही सांगितल्यापेक्षा जास्त. त्याचं मी चारचौघांत कौतुकही केलं.

शेवटी माझं डोकं फिरलं. एवढा पांढऱ्या दाढीचा माणूस आणि तोंडावर खोटं बोलतो? साहेबांना सरळ लिहून टाकलं, चाचा काम न करताच झालं म्हणून सांगतात. साहेबांचं उत्तर आलं, सोमवारपासून चाचांना येऊ नका म्हणून सांगा.

शनिवारी ते सांगायला मी त्यांना शोधत निघाले. आठ-दहा दिवस नुसतं धुकं होतं, सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. त्या दिवशी उन्हं कलताना पहिल्यांदा आभाळ मोकळं झालं. चाचा गच्चीवर नमाज पढत होते. मी लांब उभी राहिले आणि उगीच टॅबलेटवर नकाशा उघडून बघू लागले. त्यांचं तोंड दक्षिण झोनच्या इमारतीकडे होतं. मनात म्हटलं, कमाल आहे, पश्चिम सोडून नमाजही चुकीच्या दिशेला! त्यांनी चटई गुंडाळल्यावर मी ते बोलूनही दाखवलं. जिभेला हाड असेल तर ना माझ्या.

ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "बिटिया, पच्छिम तो हम दिन में पाँच बार ढूँढते हैं. वो देखिए."

मी बघितलं. सूर्य मावळतीला आला होता आणि तो बरोब्बर माझ्या दक्षिण झोनच्या पाण्याच्या टाकीमागे टेकत होता.

नकाशा बोटांनी मोठा केला. कोपऱ्यात मुंगीएवढा उत्तरेचा बाण होता, तो डावीकडे वळलेला. लांबट प्लॉट कागदावर मावावा म्हणून नकाशा काढणाऱ्याने तो आडवा केला होता. म्हणजे मी जिला पश्चिम म्हणत होते तीच खरी उत्तर! चाचा रोज खऱ्या उत्तरेला जाऊन पाणी भरत होते आणि हिरवा रंग पश्चिमवाल्याच्या नावावर चढत होता. तो पठ्ठ्या नंतर म्हणाला, "हमें लगा चाचा प्यार में हाथ बँटा रहे हैं." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, माझं दुसरं काय!

गप्प बसावं, गुपचूप नावं बदलावीत आणि साहेबांना काहीतरी थाप मारावी, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. पण चाचा समोर उभे होते. तिथूनच फोन लावला. "सर, चूक चाचांची नाही, माझी आहे. मी दिशाच चुकीच्या टाकल्या." साहेबांनी अशी हजेरी घेतली की कान लाल झाले. माझी नोकरी पक्की व्हायची ती आणखी सहा महिने पुढे गेली. चाचांची राहिली.

फोन ठेवून मी त्यांची माफी मागितली. सगळं समजावून सांगितलं, बाण दाखवला. ते स्क्रीनकडे बघतच राहिले. मग खिशातून एक चुरगळलेली वही काढली. तिच्यात रोजचं लिहिलेलं होतं, उत्तर, तीसरी मंज़िल, पानी भरा. प्रत्येक ओळीखाली दोन-दोन रेघा.

"हमें लगा, बुढ़ापा आ गया," ते म्हणाले. "करते कहीं हैं, याद कहीं और का रहता है. घर में कह भी दिया था कि अब काम छोड़ देंगे."

आठ दिवस मी त्यांना खोटं समजत होते आणि ते बिचारे माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःलाच चुकीचं ठरवत होते. मला रडूच आलं.

त्यांनी वही मिटली आणि अगदी लहान मुलासारखं विचारलं, "तो बिटिया, हम भूल नहीं रहे थे न?"