एका दिवसाची मोठी बाई

इतर शाळांत शिक्षकदिनाला दहावीची पोरं साड्या नेसून, टाय लावून दोन तास शिकवतात, फोटो काढतात आणि घरी जातात. पुंडलिकनगरच्या आमच्या शाळेत तसं चालायचं नाय. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या आणि सूचनावही दहावीतल्या एकाच्या ताब्यात द्यायच्या आणि स्वतः पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. उद्या ह्यांना घर चालवायचंय, गाव चालवायचंय, तर एक दिवस शाळा चालवू द्या, असं त्यांचं म्हणणं. गणिताच्या सरांना हे अजिबात पटत नव्हतं. त्या वर्षी त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर ठणकावून सांगितलं, की यंदा काही घोटाळा झाला तर हा प्रकार कायमचा बंद. बाई "ठीक आहे" म्हणाल्या आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

मी मुळातच आगाऊ. देवगाव रंगारीहून आम्ही शहरात राहायला आलो तेव्हापासून आई मला "लई शहाणी" म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं. आईची मोरपंखी साडी नेसून, पदराला चार पिना टोचून मी बाईंच्या खुर्चीत बसले. उशिरा आलेल्या पोरांना झापलं. प्रार्थनेनंतर शिस्तीवर एवढं लांब भाषण ठोकलं, की पहिलीतली दोन लेकरं खाली बसली.

पावसानं त्या वर्षी पार दगा दिला होता. भर भाद्रपदात शहरात टँकर फिरत होते, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. शाळेचा हौदही टँकरवरच. अकरा वाजता शिपाई मामा दारात आले आणि माझ्याशी अगदी अदबीनं बोलले. "मॅडम, टँकर येणार नाय आज. हौदात बूड भिजंल एवढंच पाणी हाय."

झालं! मला तर निर्णय घ्यायची हौसच होती. मी सूचनावही ओढली आणि लिहिलं, "पाण्याअभावी शाळा आत्ता सोडण्यात येत आहे." खाली ऐटदार सही ठोकली. वही वर्गावर्गांतून फिरली. पाचवीत बाईंनी ती वाचली, सही केली आणि परत दिली. घंटा झाली तशी पोरं आरडाओरडा करत पळाली आणि मला वाटलं, किती झटपट काम करते मी!

पंधरा मिनिटांनी बाहेर आले तर फाटकाच्या आत पहिली-दुसरीची तीसेक लेकरं दप्तरं मांडीवर घेऊन बसलेली. मामा फाटकाला पाठ लावून उभे.

"ह्यांना का थांबवलं?"

"घरं बंद हायेत ह्यांची, मॅडम. आई-बाप दोघं बी कामावर. पाचच्या आत कुणी येत नाय."

एका पोरीच्या गळ्यात दोरीला चावी होती. ती म्हणाली, "माझ्याजवळ चावी हाय, पण कुलूप उंच हाय." दुसरीनं विचारलं, "खिचडी कवा?"

खिचडी कशाची? पाणी नाही म्हणून खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी चूलच पेटवली नव्हती. ह्यातली कितीतरी लेकरं सकाळी नुसता चहा पिऊन यायची, हे मला तेव्हा मावशींकडून कळलं. आमच्या चहूबाजूंनी इमारती उठत होत्या, त्यांवर ह्यांच्याच आया घमेली वाहत होत्या. माझी आई दिवसभर घरात. भरदुपारी घराला कुलूप असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी रडतच पाचवीच्या वर्गात गेले. रिकाम्या वर्गात बाई पोरांच्या वह्या तपासत बसल्या होत्या. "बाई, मी चुकले. तुम्ही घ्या ना आता."

"किल्ल्या तुमच्याकडं आहेत, मॅडम," बाई म्हणाल्या. "चुकलं म्हणालात, बरं केलंत. आता लेकरांच्या जेवणाचं काय ते बघा."

असा राग आला म्हणता! डोळे पुसले, पदर खोचला आणि मावशींचं मोठं पातेलं उचलून गल्लीत निघाले. पहिल्या घरानं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातल्या काकूंनी तांब्याभर पाणी ओतलं आणि विचारलं, "शाळेत कुणी मोठं माणूस नाही का गं?"

"मीच आहे," मी म्हणाले. म्हणताना लाजेनं मेले.

चौथ्या घरापाशी पातेलं जड झालं, तेवढ्यात कुणीतरी त्याचा दुसरा कान धरला. बघते तर गणिताचे सर! "हिंदकळू देऊ नका," एवढंच बोलले. मग दाराशी मी हात जोडायचे आणि सर पातेलं पुढं करायचे. त्या टंचाईत लोकांनी तांब्या-तांब्यानं पातेलं भरून दिलं. त्या गल्लीवर माझा अजून जीव आहे.

दोन वाजता लेकरं जेवली. मग संध्याकाळपर्यंत मी फाटकात उभी. येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत होते, की शाळा मी सोडली, चूक माझी. एकीनं चांगलंच सुनावलं. सुनावू दिलं.

शेवटची पोर गेल्यावर मी बाईंपुढं किल्ल्या ठेवल्या. सर तिथंच होते. आता ते बोलणार आणि हा दिवस माझ्यामुळं कायमचा बंद होणार, हे मी धरूनच चालले होते. सरांनी घसा खाकरला. "पुढच्या वर्षी टँकरवाल्याला आदल्या दिवशी निरोप द्यायचा," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

मला हुंदकाच फुटला. बाईंनी जवळ घेऊन आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. पदराला खडूचा वास होता.

"बाई, लहानांची घरं बंद असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की. सूचना वाचली तशी आधी मामांना फाटकावर धाडलं. एकही लेकरू रस्त्यावर जाऊ देऊ नका म्हटलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं, बाळा?"

मामांना ठाऊक होतं, मावशींना ठाऊक होतं, त्या गळ्यात चावी घातलेल्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं. सबंध शाळा माणसांनी भरलेली होती आणि सकाळपासून मी त्यातल्या एकालाही काही विचारलं नव्हतं.